सहानाचं उष्टं

चंद्रिकाने आपला उजवा तळहात सहानासमोर पसरला आणि तसाच धरून ठेवला.

"दे," ती म्हणाली. "तो लाल ठोकळा मला दे, पापा." तमिळमध्ये बाळाला पापा म्हणतात.

सहानाने ठोकळ्याकडे पाहिलं, तळहाताकडे पाहिलं, मग शेजारी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या आईकडे पाहिलं. आणि ठोकळा छातीशी धरून मूठ घट्ट मिटली.

"कुडु, कण्णा," चंद्रिकाने तमिळमध्ये मागून पाहिलं आणि हात थोडा पुढे सरकवला. सहानाने मूठ फ्रॉकखाली लपवली.

"दे ना गं सोनू," तनया दबक्या आवाजात म्हणाली. वर्गाच्या खिडकीतून मुलाला उत्तर सुचवणाऱ्या आईसारखा तिचा सूर होता. "मॅडम मागताहेत ना? शहाणी ना तू?"

"तुम्हीं सांगूं नका," चंद्रिका हसून म्हणाली. "परीक्षा तुमची नव्हे."

हे तनयाला मुळीच पटलं नाही. परीक्षा तिचीच होती. तिला एचआयव्ही होता, आणि तिच्या पोटी जन्मलेली ही पावणेदोन वर्षांची मुलगी त्यातून सहीसलामत सुटली होती. इस्पितळातले लोक अशा मुलांना थोडी मोठी झाली की चंद्रिकाकडे पाठवत. मूल चालतं कसं, खेळतं कसं, बोलतं किती, हे ती जमिनीवर मांडी घालून तपासायची. चेन्नईत राहायला आल्यापासून तनयाने जेवढ्या खोल्यांमध्ये बसून निकालाची वाट पाहिली होती, त्यात ही सर्वांत रंगीबेरंगी होती आणि हिचीच तिला सर्वांत जास्त धास्ती वाटत होती.

बाकी सगळ्यात सहानाने कमाल केली होती. ठोकळ्यांचा मनोरा रचला, तो पडल्यावर टाळ्या पिटल्या. फडक्याखाली दडवलेली घंटी फडकं न उचलताच चाचपून काढली आणि आपण फसणाऱ्यांतल्या नाही, अशा नजरेने चंद्रिकाकडे पाहिलं. खडूने कागद सोडून फरशीवर रेघोट्या मारल्या. फक्त हातात आलेली वस्तू ती कुणाला देत नव्हती. ठोकळा नाही, चेंडू नाही, प्लॅस्टिकचा कपसुद्धा नाही.

"बोलते काय काय?" चंद्रिकाने विचारलं. तिचे पूर्वज तंजावरचे. तिचं मराठी पेटीत जपून ठेवलेल्या लुगड्यासारखं होतं, जुनं आणि घडी न मोडलेलं, आणि त्याला तमिळचा हेल होता.

"काहीच नाही." तनयाने ओठ आवळले. "एकही शब्द नाही. कान तपासून झालेत, ते उत्तम आहेत. समजतं सगळं. थांबा, दाखवते तुम्हाला."

तिने पर्समधून चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि सहानासमोर पसरला. हत्ती कुठाय? सहानाने हत्तीचं कार्ड उचलून टेबलावर आपटलं. बस कुठाय? बस आपटली. केळं, चंद्र, चप्पल. कचेरीत शिक्के मारणाऱ्या कारकुनासारखी ती एकेक कार्ड निकालात काढत होती. चूक एकही नाही आणि तोंडातून हूं की चूं नाही. सहानाने कार्ड टेबलावर ठेवायचं आणि आईने ते तिथून उचलायचं, असा दोघींचा शिरस्ता दिसत होता. चंद्रिका कार्डांकडे पाहतच नव्हती. ती त्या दोघींच्या हातांकडे पाहत होती.

"एक विचारू?" तनया म्हणाली. प्रश्न तिने बसमध्ये बसल्यापासून तोंडात घोळवला होता. "पोटात असताना मी गोळ्या घेत होते. जन्मल्यावर तिलाही ते सिरप दिलं. त्या औषधांनी काही झालं असेल का? किंवा आजार आला नाही, पण त्याचा थोडासा... काही अंश?"

"अंश बिंश कांहीं नसतो," चंद्रिका म्हणाली. "रक्त स्वच्छ म्हणजे स्वच्छ. अशीं कांहीं लेंकरें बोलायला उशीर करतात, म्हणून तर अमी पाहतों. बहुतेक येतात वाटेवर. आणि त्या गोळ्यांना नांवें ठेवूं नका हो. त्यांनींच वांचवलें ना हिला?"

तनयाने मान हलवली. हे तिला ठाऊक होतं. अठराव्या महिन्यातली शेवटची तपासणी झाली आणि 'नाही' असा निकाल आला, त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, सिद्धार्थने, ओरगडमच्या कारखान्यात पेढे वाटले होते. कशाचे पेढे, असं लोकांनी विचारल्यावर तो गडबडला आणि बढती मिळाली असं सांगून बसला. मग अख्ख्या शिफ्टने त्याच्याकडून बिर्याणी उकळली, आणि त्याच्या साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावून बढती कुणी दिली ते विचारलं. घरी येऊन हे सांगताना तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मग थांबेनाच. त्यालाही तोच आजार होता. घरात तो आधी कुणामुळे आला, हे दोघांनी सुरुवातीचे काही महिने एकमेकांना विचारून पाहिलं. मग तो प्रश्न सोडून दिला आणि गोळ्या वेळेवर घेऊ लागले. दोघांची तब्येत ठणठणीत होती.

"घरांत काय खेळतां हिच्याशीं?" चंद्रिकाने विचारलं.

"कार्डं. आकडे. रंग ओळखणं."

"आणि जेवण? एकत्र जेवतां?"

"एकत्र बसतो, पण तिचं सगळं वेगळं," तनया उत्साहाने म्हणाली. हा विषय तिचा होता. "ताट, वाटी, चमचा, पेला, सगळं. मी उकळून घेते रोज. माझ्या चमच्याला तिला हात लावू देत नाही."

"तिच्या हातचें कांहीं खातां?"

"छे!"

तो 'छे' इतका मोठ्याने आला की सहानाने दचकून मान वर केली.

चंद्रिका खडू गोळा करू लागली. उष्ट्याने हा आजार पसरत नाही, हे या बाईला सांगून उपयोग नव्हता. सांगणारे पुष्कळ झाले होते. मग ती म्हणाली, "शनिवारीं अमच्या घरीं कोलू पाहायला या. यजमानांना घेऊन या. अमच्या अप्पाजींना मराठी बोलायला माणूस मिळत नाहीं, ते दारावरच्या भाजीवाल्याशीं मराठी बोलतात. ओळख कोठली, कशी, तें कोणी विचारणार नाहीं. मी सांगणार नाहीं. येतां ना?"

तनया हो म्हणाली. नवरात्र चालू होतं, घरोघरी बाहुल्यांचा कोलू मांडलेला होता, आणि तीन वर्षांत चेन्नईतल्या कुणी तिला घरी बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिनेच कुणाला तेवढं जवळ येऊ दिलं नव्हतं.

घरी येऊन तिने नेहमीप्रमाणे सहानाची लाल वाटी उकळत्या पाण्यातून काढली. इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, की आपण चावलेला घास बाळाला भरवू नका. तनयाने त्या एका वाक्याला पदरची पोटकलमं जोडली होती. आपला चमचा तिला नाही, तिचा चमचा आपल्याला नाही. आपलं उष्टं तिला नाही, तिचंही आपल्याला नाही. पहिले काही महिने तिने अंगावर पाजलं, तेही डॉक्टरांनी बजावून सांगितलं म्हणून, आणि श्वास रोखून. ते सुटल्यावर मात्र तिने सगळी दारं लावून घेतली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तशातला प्रकार. सहाना बिस्किटाचा ओला तुकडा तिच्या तोंडाशी न्यायची तेव्हा तनया मान मागे घ्यायची आणि "नको, तू खा" म्हणायची. हळूहळू सहानाने तुकडा आणणं बंद केलं. मुलगी किती समजूतदार, असं तनयाला वाटलं होतं.

आणि या सगळ्याचं कुणाला काही वाटलंही नाही, कारण गाव चेन्नई होतं. सांगलीत हे चाललं असतं तर आठवड्याच्या आत सासूने विचारलं असतं, अगं, लेकराचं उष्टं आईने नाही खायचं तर कुणी? इथे उलट. इथे उष्ट्याला एच्चिल म्हणतात आणि जुन्या वळणाची माणसं त्याला फार जपतात. पेला ओठांना न लावता वरून घोट सोडतात. तांबरमच्या त्यांच्या घरमालकीणबाई तर आपल्या नवऱ्याच्या ताटालाही हात लावायच्या नाहीत. तनया वरून पाणी प्यायला शिकली, तेव्हा त्या बाईंनी सगळ्या गल्लीत तिचं कौतुक केलं होतं. महाराष्ट्रातली मुलगी, पण वळण पाहा! तनयाची भीती या गावात संस्कार म्हणून खपून गेली.

शनिवारी सिद्धार्थची पहिली पाळी होती. कंपनीच्या बसमधून उतरून तो तसाच आला, तोंड धुऊन नवा शर्ट घातला आणि तिघं पश्चिम मांबलमला चंद्रिकाच्या घरी निघाली.

"चंद्रिकाबाईंची ओळख कुठे झाली म्हणून सांगायचं?" रिक्षात त्याने विचारलं.

"त्या म्हणाल्या, कुणी विचारणार नाही."

"विचारलं तर? महाराष्ट्र मंडळात झाली म्हणू?"

"मंडळात आपण कधी गेलोय?"

"मग गणपतीला. गणपतीला कुणीही कुणाला भेटतं." तो स्वतःवर खूश झाला. "आरतीच्या रांगेत. तुझ्या पुढे त्या होत्या."

"तू पेढ्यांच्या वेळीही असंच केलंस," तनया म्हणाली, आणि तिला हसू आलं.

अप्पाजी दारातच उभे होते. चंद्रिकाचे हे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, अंगावर तमिळ पद्धतीचं धोतर, पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर गंध. त्यांनी कुणाची ओळख कुठली, ते विचारलंच नाही.

"सांगलीहून कां?" ते म्हणाले. "बेस, बेस. अमचे लोकही तिकडलेच. साडेतीनशें वर्षांमागें इकडे आले. परत जायचें म्हणतात, सवड होत नाहीं. या, बसा."

सिद्धार्थची आरतीची रांग वाया गेली.

हॉलमध्ये एका भिंतीला लागून पायऱ्यांची उतरंड केली होती, तिच्यावर पांढरं कापड, आणि कापडावर बाहुल्याच बाहुल्या. वरच्या पायऱ्यांवर देव, खाली लग्नाची वरात, क्रिकेटचा संघ, आणि सर्वांत खाली पोट सुटलेला मातीचा वाणी बायकोसह आपलं दुकान मांडून बसलेला. त्याच्यापुढे इवल्या पितळी भांड्यांत खरेच तांदूळ आणि खऱ्याच डाळी. सहाना तनयाच्या कडेवरून सरसर घसरली आणि थेट त्या वाण्यासमोर जाऊन बसली.

"सहाना, हात नाही लावायचा!"

"लावूं दे, लावूं दे," अप्पाजी म्हणाले. "नांव काय म्हणालां? सहाना? अरे, हा तर अमच्या कर्नाटक संगीताचा राग! कोणीं ठेवलें?"

"घरमालकीणबाईंनी सुचवलं," सिद्धार्थ म्हणाला. "आमच्या आईला अजून वाटतं, की शहाणाच म्हणायचंय आणि आम्हाला नीट म्हणता येत नाही."

अप्पाजी पोट धरून हसले. त्यांनी पाण्याचे पेले पुढे केले, आपला पेला उंच धरून एक थेंबही न सांडता वरून पाणी प्यायले. तनयानेही तसंच केलं. सिद्धार्थने प्रयत्न केला आणि नवा शर्ट भिजवला.

"पाहा, बायकोला आचार ठाऊक आहे," अप्पाजी म्हणाले. तनयाला बरं वाटलं. या घरात आपल्याकडून काही चुकणार नाही, याची तिला खात्री पटली.

"तनया, जरा आंत या हो," चंद्रिकाने स्वयंपाकघरातून हाक मारली. "सुंडल वाढायचें आहे. एकटीनें होत नाहीं."

खरं तर सुंडल वाढायला एकटी बाई पुष्कळ होती. मऊ शिजवलेली चवळी, वरून खोबरं आणि कढीपत्त्याची फोडणी, ती पळसाच्या द्रोणांत भरायची एवढंच काम. चंद्रिकाने पहिला द्रोण सहानासाठी भरला, त्यातली चवळी बोटांनी दाबून मऊ केली आणि बाहेर नेऊन दिली. मग परत येऊन ती अगदी सावकाश दुसरा द्रोण भरू लागली.

"तिला मी भरवलं असतं," तनया म्हणाली. "सांडेल सगळीकडे. तुमचा कोलू..."

"सांडूं दे की. मुंग्यांचेंही नवरात्र असतें."

"शब्द नाही आला अजून," तनया न राहवून म्हणाली. पातेल्यातल्या चमच्याकडे पाहत ती बोलत होती. "काल दिवसभर मी कार्डं दाखवली. पाठ झालीत तिला. आता तीच मला कंटाळते. मॅडम, ती बोललीच नाही तर? लोक म्हणतील, उशिरा बोलतात काही मुलं. पण मला माहीत असणार ना कुणामुळे ते."

चंद्रिकाने खांद्याने दाराकडे खूण केली. तनया दाराशी गेली.

हॉलमध्ये सहाना द्रोण घेऊन चालत होती. तिची चाल डुलती होती आणि द्रोण तिरका, त्यामुळे मागे चवळीची एक रेघ उमटत चालली होती. ती अप्पाजींसमोर थांबली. द्रोणातून एक दाणा उचलला, आपल्या तोंडात घातला, चोखून पाहिला, बाहेर काढला, आणि पायाच्या चवड्यांवर उभी राहून अप्पाजींच्या मिशीसमोर धरला.

पेल्याला ओठ न लावणारा तो माणूस. आता तो मागे सरकणार. आता मुलीचं तोंड एवढंसं होणार. तनयाने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं.

अप्पाजींनी आ केला आणि दाणा खाऊन टाकला.

"अहो आजोबा, उष्टं आहे ते," सिद्धार्थ खजील होऊन म्हणाला. "चोखलाय तिने."

"लेंकराच्या तोंडाला कसलें एच्चिल?" अप्पाजी चावत म्हणाले. "तें मोठ्यांना. अमची आजी किती सोंवळ्याची, सुनेचा पदर लागला तर अंघोळ करायची. पण नातवानें अर्धा वडा चघळून दिला तर डोळे मिटून खायची. प्रसाद म्हणायची. तो वडा मीच दिला आहे."

तनया दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. नियम तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचलला होता. त्यातली सूट तिला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगायची गोष्टच नव्हती. ती इथल्या प्रत्येक घरात सगळ्यांना ठाऊक होती.

सहाना वळली आणि बापाकडे निघाली. ती अजून चार पावलं लांब होती, तोवर सिद्धार्थने तोंड उघडलंही होतं. मान किती खाली घालायची, हात कुठे धरायचा, सगळं दोघांचं ठरलेलं. सहानाने दाणा चोखून त्याच्या जिभेवर ठेवला, मग त्याची हनुवटी दोन्ही हातांनी मिटवली. त्याने डोळे फिरवून मजा आल्याचं नाटक केलं. सहाना गुडघ्यांत वाकून खिदळली. हा खेळ आज पहिल्यांदा चाललेला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग सिद्धार्थला दारात उभी असलेली बायको दिसली. त्याने घाईघाईने ओठ पुसले.

"कधीपासून?" तनयाने विचारलं.

"दात आले तिला, तेव्हापासून." तो खाली पाहत म्हणाला. "तू अंघोळीला गेलीस की. डॉक्टरांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, बिनधास्त खा. तुला सांगणार होतो, पण तू... तुझा जीव उडून जातो गं."

"आणि तिने कधी माझ्यासमोर..."

"नाही करत ती." सिद्धार्थने मान हलवली. "बाथरूमची कडी वाजली की तीच माझं तोंड पुसते."

तनयाला राग यायला हवा होता. तो शोधायला गेली तर हाताला हेवा लागला, निव्वळ हेवा, लहान मुलीला वाटावा तसा. अंघोळीला जाणाऱ्या त्या सगळ्या सकाळी डोळ्यांसमोरून गेल्या. देणं सहानाला चांगलंच येत होतं. आईसमोर द्यायचं नाही, एवढं ती शिकली होती, आणि पावणेदोन वर्षांच्या मानाने फारच नीट शिकली होती. परवा चंद्रिकाने हात पसरला तेव्हा तिने आईकडे का पाहिलं आणि मग मूठ का मिटली, ते तनयाला आत्ता, या परक्या हॉलच्या दारात कळलं. मुलीत काही कमी नव्हतं. आपणच तिला घेणारं माणूस दिलं नव्हतं. हे कळल्यावर तिला एकाच वेळी रडू आलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हलकं वाटलं.

सहानाचंही आता तिच्याकडे लक्ष गेलं होतं. खिदळणं थांबलं. तिने द्रोण पाठीमागे लपवला, तसे त्यातले आणखी चार दाणे क्रिकेटच्या संघावर पडले.

तनया खाली बसली. रेशमी साडी चवळीच्या रेघेवर आली, तिकडे तिने पाहिलं नाही.

"मला?" ती म्हणाली.

सहाना जागची हलली नाही. तिने बापाकडे पाहिलं. सिद्धार्थने मान डोलावली. तिने अप्पाजींकडे पाहिलं. अप्पाजींनी आपलं रिकामं तोंड उघडून दाखवलं, म्हणजे असं करतात, असं. तनयाने आ केला. तिला ते नीट जमत नव्हतं. मधेच हसू येत होतं.

सहाना दोन पावलं पुढे आली. दाणा उचलला, तोंडात घातला, काढला. आईच्या ओठांपर्यंत नेला आणि हात झटक्यात मागे घेतला, जणू आता काहीतरी ऐकावं लागणार आहे. मग पुन्हा नेला.

दाणा कोमट होता. मीठ, खोबरं सगळं चोखून संपलेलं. तनयाने तो चावला. फार वेळ चावला.

सहानाने वाकून तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. बोट घालून खात्री करून घेतली. दाणा खरंच गेला होता. तिचा चेहरा असा काही उजळला की अप्पाजी "आहाहा" म्हणाले.

दुसरा दाणा आला. तिसरा आला. मग सहानाला चोखण्याएवढाही धीर राहिला नाही, ती चिमटीच्या चिमटी भरून आणू लागली. खोबरं तनयाच्या हनुवटीवर, कढीपत्ता तिच्या केसांत. सिद्धार्थने फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि काढायचं विसरला. चंद्रिका स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. द्रोण भरायचं तिचं काम केव्हाच संपलं होतं.

"बास गं, बास," तनया भरल्या तोंडाने म्हणाली आणि सवयीने मान मागे घेतली. "पोट भरलं आईचं. आता तू खा."

सहानाचा हात हवेत थांबला. तिने कपाळाला आठ्या घातल्या. एका हाताने आईचा कान घट्ट पकडून ते तोंड तिने पुन्हा समोर आणलं.

"घे," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. रस्त्यावरून एक बस गेली.

"घे!" सहाना पुन्हा म्हणाली, या खेपेला दरडावून. आईला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, असा तिचा सूर होता.

"ऐकलेंत कां?" अप्पाजी खुर्चीतून अर्धे उठत ओरडले. "ओ सांगलीकर! तुमची लेंक काय म्हणाली, ऐकलेंत कां?"

तनयाने जोरजोरात मान डोलावली. तिचं तोंड भरलेलं होतं.